पुणे महापालिका नवख्यांसाठी: नगरसेवक, स्थायी, मुख्य सभा, उपविधी, आणि आपला कागद नेमका कुठे अडलाय ते कसं शोधायचं

पुण्यात फ्लॅट घेतला किंवा भाड्याने राहायला आलात की कधी ना कधी महापालिकेशी गाठ पडतेच. मिळकतकराचं बिल म्हणा, कचऱ्याची गाडी म्हणा, नाहीतर फुटपाथवर लावलेल्या गाड्या. मग सोसायटीच्या ग्रुपवर सुरू होतं, "नगरसेवकाला सांगा", "महापौरांना ट्वीट करा", "कायदाच करायला पाहिजे यांच्यावर". यातलं कोण काय करू शकतं आणि काय करूच शकत नाही हे बऱ्याच जुन्या पुणेकरांनाही माहीत नसतं. आमच्या भागाच्या कामांसाठी मी मनपा भवनाच्या पायऱ्या भरपूर झिजवल्यात, तर जे कळलंय ते क्रमाने लिहितेय. उदाहरणं पुण्याची आहेत पण मुंबई सोडली तर राज्यातल्या सगळ्या महापालिका एकाच कायद्यावर चालतात, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, त्यामुळे नाशिक, ठाणे, संभाजीनगरवाल्यांनाही बराचसा भाग लागू पडेल. मुंबईचा कायदा वेगळा आहे, १८८८ चा. नगरपालिका आणि नगरपंचायतींचा १९६५ चा, तो इथे धरलेला नाही.

१. आधी बघा तुम्ही नक्की कुणाच्या हद्दीत राहता

हसू नका, इथेच निम्मे अर्ज वाया जातात. पत्त्यात "पुणे" लिहिलं म्हणजे पुणे महापालिका असं नाही. पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट संरक्षण खात्याखाली, तिथे नगरसेवक नाही, कॅन्टोन्मेंट बोर्ड. हिंजवडीसारख्या भागात ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचा काला. महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३, आणि २०१७ च्या गावांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. त्यामुळे मिळकतकराचं बिल कोण पाठवतं ते बघा, तुमचा मायबाप तोच.

आणि हद्द महापालिकेची असली तरी सगळी कामं तिची नसतात. लाईट गेली तर महावितरण, नो पार्किंगची कारवाई ट्रॅफिक पोलीस, बस पीएमपीएमएल. बांधकामाचे नियम तर डिसेंबर २०२० च्या यूडीसीपीआर या एकत्रित बांधकाम नियमावलीतून येतात आणि ती राज्य सरकारने केलेली आहे, तेव्हा "आमच्याइथे एवढ्या उंच बिल्डिंगला परवानगी कशी दिली" म्हणून नगरसेवकाशी भांडून फार काही हाती लागत नाही.

२. सभागृहात कोण कोण बसतं

पुण्यात १६५ निवडून आलेले नगरसेवक. ४१ प्रभाग आहेत, ४० प्रभागांत चार-चार जागा आणि एका प्रभागात पाच. प्रत्येक जागेला अ, ब, क, ड अशी अक्षरं, कुठली जागा महिला, एससी, एसटी, ओबीसी, खुली ते आरक्षणाच्या सोडतीत ठरतं, आणि एकूण निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. मतदानाला गेलात की चार बटणं दाबायची (पाच जागांच्या प्रभागात पाच). मुंबईत मात्र अजून एक वॉर्ड एक नगरसेवक, तिथे २२७.

शिवाय स्वीकृत नगरसेवक असतात. हे निवडून येत नाहीत, पक्षांच्या संख्याबळावर नेमले जातात. कायद्यात लिहिलंय की महापालिका कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेले लोक घ्यावेत, प्रत्यक्षात तिकीट न मिळालेल्यांची सोय लावली जाते असं माझं मत, प्रत्येकाने आपापलं बघावं. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

फसायची जागा: "माझा नगरसेवक कोण" हा प्रश्नच चुकीचा आहे, तुमचे चार आहेत आणि चारही संपूर्ण प्रभागाचे. अमुक गल्ली माझी नाही असं कुणी सांगितलं तर ती त्यांची आपसातली वाटणी, कायद्यात तसं काही नाही. पत्र चौघांनाही द्या, चारही प्रतींवर पोच घ्या. वेगवेगळ्या पक्षाचे असतील तर उलट बरंच, एकाने लक्ष दिलं नाही की दुसरा हमखास देतो.

मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत नगरसेवकच नव्हते, आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. या काळातले ठराव शोधायला गेलात तर "प्रशासक ठराव" म्हणून शोधा.

३. महापौर मोठे की आयुक्त?

झगा, पहिला मान महापौरांचा. कारभार आयुक्तांचा. महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडतात, तेही कुठल्या प्रवर्गाचा हे सोडतीत ठरलेलं असतं. ते मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, चालवतात, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतात. आयुक्त म्हणजे राज्य सरकारने पाठवलेला आयएएस अधिकारी, सगळे इंजिनिअर, वॉर्ड ऑफिसर, आरोग्य निरीक्षक त्याच्या हाताखाली. सभेत आयुक्त बोलू शकतो पण मत नाही.

तर खड्डा, ड्रेनेज, कचरा यासाठी महापौरांकडे जाऊ नका. क्षेत्रीय कार्यालय गाठा, पुण्यात अशी १५ आहेत, किंवा पीएमसी केअर या महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर तक्रार टाकून नंबर घ्या. सभागृहाची गरज तेव्हाच लागते जेव्हा पैसे मंजूर करायचे असतात, कर किंवा नियम बदलायचा असतो किंवा नवीन काहीतरी सुरू करायचं असतं.

४. समित्या

पेपरात "तिजोरीच्या चाव्या" असं वाचलं की समजायचं स्थायी समिती. १६ सदस्य, पक्षीय बलाबलानुसार, दरवर्षी निम्मे बाहेर पडतात, पहिल्या वर्षी कोण बाहेर पडणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मोठी टेंडरं, वर्गीकरण म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वळवणं, आणि आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी इथे येतं. अंदाजपत्रकाचा एक टप्पा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पुढच्या वर्षीचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत मुख्य सभेने ठरवायचे असतात. मार्चमध्ये करवाढीविरुद्ध सह्यांची मोहीम काढली तर फोटो छान येतात, बाकी काही नाही. जे करायचं ते डिसेंबर-जानेवारीत.

बाकी शहर सुधारणा, विधी, महिला व बालकल्याण, क्रीडा, नाव समिती. आणि प्रभाग समिती, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं पण सामान्य माणसाला सगळ्यात जवळची तीच. तिच्यावर स्वयंसेवी किंवा नागरी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात. तुमची नोंदणीकृत संस्था असेल आणि भागात काम असेल तर तिकडे डोळा ठेवा.

५. कायदा, उपविधी, ठराव, धोरण: हा फरक पक्का करा

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण पुढचं सगळं यावर आहे.

महापालिका कायदा करत नाही. कायदा विधानसभा-विधानपरिषद करते. त्या कायद्याने दिलेल्या चौकटीत महापालिका उपविधी करते, १९४९ च्या अधिनियमात कलम ४५८ मध्ये विषयांची लांबलचक यादीच आहे. उपविधी मोडला तर दंड होतो, म्हणजे तो तुमच्या-माझ्यावर खरोखर बंधनकारक असतो.

ठराव म्हणजे सभागृहाचा निर्णय. काही ठराव लगेच लागू होतात, चौकाला नाव देणं वगैरे. काही नुसती शिफारस असते, "राज्य शासनाकडे मागणी करण्यात यावी" असं शेवटी असेल तर तो कागद मंत्रालयात जाऊन बसणार हे समजून चाला.

धोरण हे सगळ्यात फसवं. मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, पेपरात मोठे मथळे, आता पुण्यात पार्किंगचे पैसे द्यावे लागणार. प्रत्यक्षात उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात बदल करणारी दुरुस्ती, देऊन ते आधी पाचच रस्त्यांवर प्रायोगिक करायचं असं ठरलं, आणि पुढे ते अडकूनच पडलं. धोरण मंजूर झालं म्हणजे उद्यापासून अंमलबजावणी असं समजू नका, त्यात उपसूचना काय घुसल्यात ते वाचा. मूळ प्रस्ताव दहा पानांचा आणि उपसूचना दोन ओळींची असते, पण जीव त्या दोन ओळींत असतो.

ठरावावरही वरून हात फिरू शकतो. कलम ४५१ खाली राज्य सरकार महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. ४० टक्के करसवलतीची गोष्ट पुण्यात घर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत हा मुख्य सभेचा १९७० चा ठराव. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाले आणि २०१९ ला राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला, १ एप्रिल २०१९ नंतर नोंद झालेल्या घरांना पूर्ण कराची बिलं यायला लागली, एकाच सोसायटीत एका मजल्यावर सवलत आणि दुसऱ्यावर नाही. बोंबाबोंब झाली, आंदोलनं झाली, शेवटी एप्रिल २०२३ ला मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा चालू केली. पण आपोआप नाही, नव्या घरांना पीटी-३ नावाचा फॉर्म भरून आपण स्वतः राहतो याचे पुरावे द्यावे लागले. तुम्ही नवीन घर घेतलं असेल तर बिलावर ही सवलत दिसतेय का ते आजच बघा. नगरसेवकांनी एकमताने केलेली गोष्टसुद्धा वरून मोडता येते आणि ती परत मिळवायची जागा मनपा नाही, मंत्रालय असते.

६. उपविधी तयार कसा होतो

टप्पे असे, आणि प्रत्येक टप्प्याला महिनोन् महिने जाऊ शकतात.

अ) खातं मसुदा तयार करतं. बहुतेक वेळा वरून रेटा आलेला असतो. उदाहरणार्थ केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलंच होतं की स्थानिक संस्थांनी आपापले उपविधी करावेत, म्हणून तेव्हा ठिकठिकाणी ओला-सुका कचरा, थुंकणं, उघड्यावर जाळणं यावरचे उपविधी आले.

ब) विधी खात्याचा अभिप्राय, मग आयुक्त मसुदा सभागृहापुढे ठेवतात, वाटेत समितीत फिरून येतो.

क) जाहीर नोटीस, राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत. मसुदा बघायला उपलब्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती-सूचना घ्याव्या लागतात. तुमचा-आमचा खरा टप्पा हाच. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने २००६ च्या स्वच्छता उपविधींच्या जागी नवा मसुदा काढला, त्यात घरोघरच्या कचऱ्यासाठी शुल्क लावायचा प्रस्ताव होता, आणि ३१ मे पर्यंत हरकती मागवल्या होत्या. असली नोटीस नजरेतून सुटली की नंतर थेट दंडाची पावतीच हातात येते.

ड) हरकतींचा विचार होऊन मुख्य सभा उपविधी मंजूर करते.

इ) राज्य सरकारची मान्यता. ही मिळेपर्यंत उपविधीला काडीची किंमत नाही. नगरविकास विभागात फाईल किती दिवस राहते याबद्दल न बोललेलं बरं.

ई) राजपत्रात प्रसिद्धी, मग अंमल.

कुणी उपविधीच्या नावाने दंड मागितला तर पावती घ्या, तिच्यावर कुठला उपविधी आणि कलम लिहिलंय ते बघा. "वरून आदेश आहे" ही पावती नव्हे.

७. हरकत लिहायची कशी

नोटीस पेपरात येते ती आतल्या पानावर, टेंडर नोटिसा आणि श्रद्धांजल्यांच्या मध्ये, बारीक टायपात. मथळा साधारण "जाहीर प्रकटन" किंवा "जाहीर निवेदन". त्यातल्या तीनच गोष्टी आधी गोल करा: शेवटची तारीख, हरकत कुठे द्यायची, आणि मसुदा कुठे बघायला मिळेल. नंतर मसुदा वाचा. बातमी वाचून हरकत लिहू नका, बातमीत कलम नंबर नसतो.

पत्र एका पानाचं पुरतं, साचा हा:

"प्रति, मा. महापालिका आयुक्त. विषय: अमुक उपविधीच्या मसुद्यावर हरकत व सूचना. संदर्भ: दिनांक अमुकचे जाहीर प्रकटन. महोदय, मी वरील पत्त्यावर राहणारा नागरिक आहे. मसुद्यातील कलम अमुकमध्ये गृहनिर्माण संस्थेने ओला कचरा आवारातच जिरवावा असे आहे. आमच्या संस्थेत मोकळी जागा इतकीच आहे, नकाशा जोडला आहे. तरी शेजारच्या संस्थांना एकत्रित प्रकल्प करण्याची मुभा देणारे वाक्य या कलमात घालावे. सुनावणी झाल्यास मला प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे आहे."

शेवटचं वाक्य विसरू नका, सुनावणी झाली तर बोलावणं यावं असं वाटत असेल तर ते मागावं लागतं. आणि नुसतं "विरोध आहे" लिहिण्यापेक्षा बदली वाक्य द्या, अधिकाऱ्याला तेच उचलून टाकता येतं.

फसायच्या जागा: एकच मजकूर पाचशे जणांनी पाठवला तर त्याचं उत्तरही एकाच ओळीत येतं, "एकसमान हरकती, अमान्य". पन्नास लोकांनी आपापली अडचण लिहिलेली परवडते. व्हॉट्सअपवर साहेबांना पाठवलेला मेसेज हरकत धरत नाहीत. ईमेल केली तरी छापील प्रत आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका, खिडकीवर "उद्या या" ऐकायला मिळतं आणि तो उद्या मुदतीबाहेरचा असतो. आमच्या इथल्या एका मंडळाची चांगली हरकत अशीच गेली.

८. तुम्हालाच विषय सभागृहात न्यायचा असेल तर

नागरिक थेट प्रस्ताव मांडू शकत नाही, सूचक आणि अनुमोदक म्हणून नगरसेवक लागतात. एक सही प्रभागातल्या नगरसेवकाची घ्या, दुसरी शक्यतो दुसऱ्या पक्षातल्याची. प्रस्ताव समितीत येतो, समिती बहुतेक वेळा प्रशासनाचा अभिप्राय मागवते, आणि इथे प्रस्ताव गोठतात. म्हणून खात्याच्या माणसाला आधीच भेटून ठेवा, त्याची अडचण काय ते विचारा. अभिप्राय अनुकूल आला की पुढचं सोपं, "तरतूद उपलब्ध नाही" असा आला की एक वर्ष गेलं समजा.

कामाची मंजुरी किती पुढे गेली हे विचारताना "काय झालं हो?" असं विचारू नका. विषय क्रमांक, सभेची तारीख आणि ठराव क्रमांक विचारा. सभेच्या शेऱ्यांचे अर्थ: तहकूब म्हणजे पुढे ढकललं. दप्तरी दाखल म्हणजे संपलं, कितीही गोड बोलले तरी. फेरविचार म्हणजे कुणाचं तरी मन बदललंय. "मान्य, उपसूचनेसह" दिसलं की उपसूचना मागून घ्या.

छोट्या कामांसाठी एवढा खटाटोप नको, पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक आहे, बाकं, पदपथ दुरुस्ती, दिवे अशी कामं नागरिकांनी सुचवायची. फॉर्म साधारण पावसाळ्याच्या शेवटी निघतात, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करत राहा. काम नेमकं लिहा, कुठल्या खांबापासून कुठल्या गेटपर्यंत, फोटोसह. "परिसर सुशोभीकरण" असं लिहिलेला फॉर्म बाजूला पडतो.

९. सभा बघायला जाणं आणि कागद मागणं

मुख्य सभा महिन्यातून किमान एकदा होते, दुसऱ्या शहरांत हिलाच सर्वसाधारण सभा किंवा महासभा म्हणतात. कार्यपत्रिका साधारण आठवडाभर आधी निघते, नगरसचिव कार्यालयात मिळते. प्रेक्षक गॅलरीत बसता येतं, पासची चौकशी तिथेच करा. डबा खाऊन जा, श्रद्धांजली वाहून सभा तहकूब हा प्रकार नेहमीचा, नाहीतर गणपूर्ती (कोरम) नाही म्हणून तहकूब. आपला विषय ६३ नंबरला असेल तर त्या दिवशी येईलच असं नाही, आणि कधी कधी पन्नास विषय दहा मिनिटांत "मान्य, मान्य" करत निघून जातात, तेव्हा चहाला उठू नका.

जुना ठराव हवा असेल तर आधी साधा अर्ज करून बघा. नाही मिळाला तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. "अमुक विषयाची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, ठराव क्रमांक, तारीख, "अभिप्रायासह प्रत" असं लिहा. माहीत नसेल तर अवलोकन मागा, म्हणजे बसून फाईल बघता येते. फाईलमधला सगळ्यात कामाचा कागद म्हणजे टिपणी, कुठल्या टेबलावर कुठल्या तारखेला कुणी काय लिहिलं ते तिथेच असतं.

१०. पिशवीत काय ठेवायचं

मिळकतकराचं बिल आणि मतदार ओळखपत्राच्या झेरॉक्स, प्रभाग क्रमांक लिहून ठेवलेला कागद, सोसायटीकडून जात असाल तर कमिटीच्या ठरावाची प्रत आणि लेटरहेड, प्रत्येक पत्राच्या दोन जादा प्रती, तारीख दिसणारे फोटो प्रिंट काढून, कोर्ट फी स्टॅम्प चार-पाच, आणि एक वही. वहीत प्रत्येक कागदाला एक पान: कुठे दिला, आवक नंबर, कुणाकडे गेला, पुढची तारीख. साहेब बदलतात, नगरसेवक बदलतात, नवा माणूस येऊन "तुमचं काय आहे?" विचारतो तेव्हा आवक नंबर सांगितला की क्लार्क रजिस्टर काढतो. नाही सांगितला तर नवीन अर्ज लिहायला लावतो, आणि जुन्या अर्जाची तारीख गेली ती गेलीच.